चार मीटर वाइड

खिरारी सरांना मुलं पाठीमागे ‘वाइड सर’ म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. एकदा नववीतल्या एका मुलीच्या तोंडून ते समोरच निसटलं. “वाइड सर, पाणी पिऊन येऊ?” सर म्हणाले, “ये पिऊन. विशेषण नामाच्या आधी लावलंस, वाक्य बरोबर आहे.” मुलगी धावत गेली ती तास संपेपर्यंत वर्गात आलीच नाही. सर तिला शोधायला गेले, तर ती पाण्याच्या टाकीमागे रडत बसली होती. “रागावलो नाही गं,” ते म्हणाले, “तू मला नाव दिलंस, शिवी नाही दिलीस.”

जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यावरच्या एका आश्रमशाळेत आम्ही सात वर्षं बरोबर होतो. मी मराठी शिकवायचे, ते इंग्रजी. मी पोशेऱ्याची, ते वांगणीच्या अलीकडच्या एका पाड्यावरचे. उंच, हडकुळे, आणि हात इतके लांब की पूर्ण बाह्यांचा शर्टसुद्धा मनगटाच्या वरच संपायचा. डब्यात नागलीची भाकरी आणि सुकट. सुकटीच्या वासानं कुणी नाक मुरडलं तर डबा मुद्दाम त्याच्या टेबलावर उघडायचे.

त्यांच्या पहिल्या तासाला मी एकदा खिडकीबाहेर उभी होते. सर वर्गात आले, ‘गुड मॉर्निंग’ वगैरे काही नाही, फळ्यापाशी उभं राहून दोन्ही हात आडवे पसरले. पाचवीची मुलं. एकही इंग्रजी शब्द येत नसलेली, घरी वेगळी बोली, शाळेत मराठीशीच झटापट चाललेली.

“हे काय?”

“वाइड बॉल!” अर्धा वर्ग ओरडला.

“म्हणजे तुम्हाला इंग्रजी येतं,” सर म्हणाले. “कोण म्हणतं येत नाही?”

तिथून सुरुवात. बॉल वाइड कारण तो फलंदाजापासून लांबून, बाजूनं गेला. मग नदी वाइड, कारण या काठापासून तो काठ लांब. डॉक्टरांपुढे तोंड उघडायचं तेही वाइड. टक्क जागा माणूस वाइड अवेक. पण बैलाची पाठ? ती ब्रॉड. खांदे ब्रॉड. भर दिवसा चोरी झाली तर तो दिवसही ब्रॉड, वाइड नव्हे. “का सर?” असं कुणी विचारलं की म्हणायचे, “आपण भाताची लावणी म्हणतो, पेरणी म्हणतो. नागलीला काय करतो ते शहरातल्याला विचार, त्याला एकच शब्द येईल. ज्यांचं ते काम, त्यांचे ते शब्द. आपण ऐकून घ्यायचं.” जगभर म्हणजे वर्ल्डवाइड हे कळल्यावर मुलांनी ‘पाडावाइड’ असा शब्द काढला. कुणाची कोंबडी हरवली की बातमी पाडावाइड. सरांनी तो शब्द आपल्या वहीत लिहून घेतला होता. त्या वहीत ‘वाइड’ हा एकच शब्द होता, पानंच्या पानं: वर्तमानपत्रातली कात्रणं, औषधाच्या खोक्यावरची ओळ, एसटीच्या मागे लिहिलेली सूचना, जिथे जिथे तो भेटला तिथली.

नेम चुकण्यालाही ते तोच शब्द वापरून दाखवत. मैदानात पत्र्याचा डबा ठेवायचा आणि पोरांना गलोलीनं दगड मारायला लावायचे. दगड डब्याच्या बाजूनं गेला की सगळ्यांनी एकदम म्हणायचं, “वाइड ऑफ द मार्क!” रडवेल्या मुलाला ते सांगत, “चुकलास असं नाही म्हणायचं. बाजूनं गेलास, एवढंच.”

एकदा वरच्या कार्यालयातून पत्र आलं. त्यात ‘अमुक आदेशान्वये’ अशा अर्थानं ‘व्ही’नं सुरू होणारा ‘vide’ हा जुना शब्द होता. आमच्या लिपिकांनी तो मोठ्यानं वाचला, “वाइड लेटर नंबर…” दाराशी उभ्या असलेल्या मुलीनं विचारलं, “किती वाइड पत्र आहे सर?” खिरारी सर इतके हसले की खुर्चीवरून उठून बाहेर जावं लागलं. मग परत येऊन लिपिकांची क्षमा मागितली. शब्द वेगळा, लॅटिनमधला, अर्थ ‘पाहा’, हे त्यांनी त्या मुलीलाही सांगितलं आणि लिपिकांनाही, सारख्याच आदरानं.

या शब्दाचाच एवढा नाद का, हे मी त्यांना विचारलं होतं. पहिल्यांदा त्यांनी उत्तर टाळलं. पुढे एकदा जव्हारला परीक्षेचे पेपर पोहोचवून परत येताना गाडी बंद पडली, आणि दुसरी येईपर्यंत आम्ही फाट्यावरच्या दगडांवर बसलो होतो, तेव्हा बोलले.

त्यांची थोरली बहीण जानकी. पहिलं बाळंतपण, कळा सुरू झालेल्या, आणि पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत नुसती पायवाट. घोंगडीची डोली बांबूला बांधून तिला घेऊन निघाले. सर तेव्हा बारावीला होते, एका टोकाला त्यांचा खांदा होता.

“मॅडम, डोलीला चार माणसं लागतात असं लोक म्हणतात. आमच्या वाटेवर दोनच मावायची. एक पुढे, एक मागे. बाजूनं दुसरा चालूच शकत नव्हता. एकीकडे चढ, एकीकडे उतार. खांदा बदलायचा तर डोली खाली ठेवावी लागायची, आणि ठेवायला जागा नाही. माझा खांदा बधिर झाला तरी मी बोललो नाही. ओढ्यापाशी पोचलो तेव्हा ती गेली होती. कधी गेली ते कुणालाच कळलं नाही, कारण तिच्या शेजारून कुणी चालत नव्हतं.”

मग त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला आणि म्हणाले, “वाइड हा शब्द पुढच्या वर्षी कॉलेजात नीट कळला.”

त्यानंतर त्यांचं एकच चाललं होतं: पाड्याला रस्ता. अर्ज, विनंत्या, ग्रामसभा. सरकारी कामात जमिनीचा प्रश्न आडवा येत राहिला. शेवटी मुंबईच्या एका कंपनीनं देणगीतून रस्ता करून द्यायचं कबूल केलं. अट एकच, वाटेला लागून ज्यांची जमीन आहे त्यांनी तेवढी पट्टी स्वखुशीनं लिहून द्यायची. संमतीचा कागद कंपनीकडूनच आला, म्हणून इंग्रजीत.

तो कागद वाचून दाखवायला पाड्यावर दुसरं कोण होतं? रविवारी सकाळी चिंचेखाली सगळे जमले. मी तिथे नव्हते, पण पुढे इतक्या जणांनी मला ते सांगितलं की आता माझ्यासमोर घडल्यासारखं वाटतं. सरांनी कागद हातात घेतला, आनंदानं आवाज थोडा कापत होता. प्रत्येक ओळ वाचून मराठीत आणि बोलीत सांगितली. “फोर मीटर्स वाइड,” असं वाचलं, दोन माणसं उभी करून दोरीनं चार मीटर मोजून दाखवले. वाटेच्या मध्यापासून इकडे दोन, तिकडे दोन. “एवढीच पट्टी. गाडी येईल, बाजूनं माणूस चालेल.” लोकांनी दोरी पाहिली, मान डोलावली, अंगठे दिले.

रामीबाई म्हणून एक विधवा बाई. दोन मुलगे वीटभट्टीवर जायचे, ही एकटी शेत करायची. तिचं भाताचं खाचर वाटेला लागून होतं आणि मागे लगेच डोंगर उभा. पाचेक मीटरची अरुंद पट्टी, पण पाणी धरणारी. तिनं दोरीचं टोक आपल्या बांधावर कुठे येतं ते स्वतः जाऊन पाहिलं. तीन मीटर राहत होते. ती म्हणाली, “दोन दिले. पोरी वाटेत मरू नयेत.” आणि अंगठा दिला.

भात कापून झाल्यावर जेसीबी आला. आधी पोरगेलासा इंजिनिअर फीत घेऊन आला आणि पांढऱ्या फक्कीनं रेघ ओढत गेला. रामीबाईच्या खाचरात ती रेघ आत आत सरकली, आणि डोंगराच्या पायथ्याला जवळजवळ टेकली.

शनिवार होता. सर नुकतेच गावी पोचले होते. रामीबाई त्यांच्या अंगणात येऊन उभी राहिली.

“मास्तर, तू दोन सांगलास. माजं सगळंच खाचर गेलं.”

सर धावत गेले. इंजिनिअर सभ्य मुलगा होता, त्यानं पिशवीतून कागद काढून त्यांच्या हातात दिला. “सर, यातच लिहिलंय ना.” फोर मीटर्स वाइड, ऑन आयदर साइड ऑफ द सेंटर लाइन. मध्यापासून दोन्ही बाजूंना चार चार. शब्द होते, ठळक होते, त्यांच्याच पेनाची बारीक खूण ‘वाइड’खाली होती. पुढच्या शब्दांखाली काही नव्हतं.

बाकीच्यांच्या जमिनी मागे पसरलेल्या होत्या, त्यांचं दोन मीटर जास्त गेल्यानं भागलं. रामीबाईच्या मागे डोंगर होता.

सरांनी त्या जागी तरी रस्ता अरुंद करा म्हणून विनवलं. इंजिनिअरनं वर विचारलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: गटार आणि भराव धरून एवढी रुंदी लागतेच, संमती झालेली आहे. जेसीबी पुढे सरकला.

पुढच्या रविवारी सरांनी पुन्हा सगळ्यांना चिंचेखाली बोलावलं आणि उभं राहून सांगितलं, “मी चुकीचं वाचलं. कागद बरोबर होता. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, म्हणून रामीबाईचं खाचर गेलं.” कुणी म्हणालं, जाऊ दे मास्तर, रस्ता होतोय ना. कुणी म्हणालं, शिकलेल्यानं फसवलं, आडाण्यानं नाय फसवला कधी. त्यांचा सख्खा चुलतभाऊ उठून निघून गेला. रामीबाई आलीच नव्हती.

सोमवारी ते शाळेत आले ते आजारातून उठलेल्यासारखे. मधल्या सुट्टीत मी त्यांच्यासमोर बसले. काहीतरी बोलायचं म्हणून, त्यांचंच वाक्य त्यांना दिलं. “सर, बाजूनं गेलं. एवढंच.”

“नाही मॅडम,” ते म्हणाले. “दगड बाजूनं गेला तर दगड वाया जातो. इथे तिचा भात गेला.”

मग म्हणाले, “वर्गात माझी सगळी वाक्यं ‘वाइड’वर संपतात. नदी चाळीस फूट वाइड, पूर्णविराम. त्या सवयीनं तिथेच थांबलो असेन. असं मी लोकांना सांगू शकतो, आणि ते खरंही असेल. पण मॅडम, मला दुसरंच खातंय. पुढचे शब्द मला दिसले होते का? दिसले, आणि रस्ता हातचा जाईल म्हणून मी ते पाहिले नाहीत, असं तर झालं नसेल? मी रोज आठवून बघतो. आठवत नाही.”

 

त्यांच्या घरच्या वाट्याला विहिरीखालचं एक खाचर होतं, पाड्यावरचं सगळ्यात चांगलं. ते रामीबाईला द्यायचं त्यांनी ठरवलं. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी सुमन, आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. नंतर माझ्याजवळ म्हणाल्या, “चूक यांची, भात माझ्या पोरांचा. मला विचारलं तरी का? सांगितलं फक्त.” पण रामीबाईला निरोप द्यायची वेळ आली तेव्हा सरांचं पाऊल उचलेना. गेल्या त्या वहिनीच. तिच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, “येत्या पेरणीला विहिरीखालच्या खाचरात ये. बांध मी दाखवते.”

रामीबाई आली. खाचर केलं. पण सरांशी एक शब्द बोलली नाही, आणि नव्या रस्त्यावर पाय ठेवला नाही. शेतावर जायला ओढ्यातून, काट्याकुट्यांतून वळसा घालून जायची. डोक्यावर भाताचा भारा असला तरी.

त्याच पावसाळ्यात पाड्यावरच्या एका सुनेला रुग्णवाहिका दारातून घेऊन गेली. आई आणि मूल दोघं सुखरूप. मुलाचा आजा पेढ्यांचा पुडा घेऊन शाळेत आला, सरांच्या पाया पडायला वाकला. सरांनी त्याला वरच्यावर धरलं. “चांगलं झालं, चांगलं झालं,” एवढंच म्हणाले. पेढा हातात घेऊन वर्गात गेले आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला देऊन टाकला.

एक गोष्ट मात्र त्यांनी केली, तिचा मला राग आला होता. लोक दूरदूरहून त्यांच्याकडे इंग्रजी कागद वाचून घ्यायला येत. ते त्यांनी बंद केलं. साखरशेतचा एक माणूस बायकोचे दवाखान्याचे कागद घेऊन आला. त्याला नाशिकच्या डॉक्टरांनी काय लिहिलंय ते समजून घ्यायचं होतं. सर म्हणाले, “मी आता वाचत नाही. जव्हारला कुणाला तरी दाखवा.” माणूस क्षणभर उभा राहिला, पिशवी काखेला मारली आणि गेला.

मी म्हणाले, “सर, शिक्षा तुम्ही स्वतःला दिलीत. ती भोगायला त्या माणसाला का पाठवलंत?”

त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, फार बोलले मी. ते उठले, मुख्याध्यापकांना न सांगता मोटारसायकल काढली. तासाभरानं परत आले. फाट्यावर तो माणूस गाडीची वाट बघत बसला होता. तिथेच त्यांनी कागद वाचले, सांगितले, आणि मग म्हणाले, “आता मी काय सांगितलं ते तू मला सांग.” त्यानं सांगितलं. गोळी कधी घ्यायची ते एका ठिकाणी उलट समजला होता. पुन्हा वाचलं.

त्या दिवसापासून ते परत कागद वाचू लागले, पण ऐकणाऱ्यानं सगळं परत सांगितल्याशिवाय त्याला उठू देत नसत. दहावीच्या मुलांना तर धड्यांपेक्षा नोटिसा, अर्ज, पावत्या यांचंच वाचन जास्त व्हायला लागलं. एका तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, “हे अभ्यासक्रमात आहे का?” सर म्हणाले, “नाही.” आणि पुढची ओळ वाचायला मुलीला खूण केली. ‘वाइड’ शिकवताना हात पसरायचं त्यांनी सोडून दिलं होतं. मुलांनी पसरले तर हसायचे, पण हसू डोळ्यांपर्यंत जायचं नाही.

माझी बदली जव्हारला झाली. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला ती वही देऊ केली. मी घेतली नाही. त्यांनीही आग्रह केला नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी मी त्यांना पाहिलं, जव्हारला, नोंदणी कार्यालयाच्या व्हरांड्यात. केस बरेच पांढरे झाले होते. शेजारच्या बाकावर रामीबाई बसली होती, मधे एक जागा सोडून. मी ओळख दिली तेव्हा सर उठून उभे राहिले.

“खाचर यांच्या नावावर करतोय,” ते म्हणाले. “कसायला देऊन भागत नाही. माझ्यामागे कुणी काढून घेतलं तर? कागदपत्रांना दीड वर्ष लागलं.”

“वहिनी?”

“तिची सही झाली. सकाळीच.”

आतून हाक आली. बक्षीसपत्र समोर ठेवलं गेलं. रामीबाईनं अंगठा पुढे केला नाही. तिनं इकडे तिकडे पाहिलं, आणि तिथे दाखल्यासाठी आलेल्या एका अनोळखी कॉलेजच्या पोरीला बोलावलं. “तू वाच बाय. सगळा वाच.” कारकून म्हणाला, “अहो आजी, मास्तर आहेत की सोबत.” रामीबाईनं कागद पोरीच्या हातात दिला. पोरगी गोंधळून सरांकडे बघू लागली.

“वाच,” सर म्हणाले. आणि ते बाहेर व्हरांड्यात जाऊन कठड्याला हात टेकून उभे राहिले, आतलं ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर.

पोरीनं अख्खा कागद वाचला. चतुःसीमा आल्या, पूर्वेला कोण, पश्चिमेला काय, लांबी, रुंदी. तिथे रामीबाईनं तिला थांबवलं. “ह्ये परत.” पोरीनं परत वाचलं. रामीबाईनं बोटांवर काहीतरी मोजलं, मग अंगठा दिला. भिंतीला शाई पुसली, पदर सावरला आणि बाहेर आली.

सर अजून कठड्यापाशीच होते, रस्त्याकडे तोंड करून. रामीबाई माझ्याजवळ थांबली.

“बाई,” ती मला म्हणाली, “त्याला सांगा, गाडी सुटंल.”

मी जाऊन सांगितलं. सरांनी मागे वळून पाहिलं. रामीबाई पायऱ्या उतरून स्टँडच्या दिशेनं चालू लागली होती. ते घाईघाईनं माझा निरोप घेऊन निघाले. उताराच्या वळणावर मला दोघं दिसले. ती पुढे, हे मागे. मग ती एका ठिकाणी चप्पल नीट करायला थांबली. सरही थांबले. ती चालू लागली, तेव्हा हेही चालू लागले.